उत्तेजक द्रव्ये आणि मुलांचा मेंदू

प्राथमिक शाळांतून आरोग्याच्या तासाला तंबाखूचे दुष्परिणाम सांगण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे वाक्य चौथीतील मूलही न अडखळता म्हणून दाखविते. तथापि हेच वाक्य पाठ असलेली मुले दोन-तीन वर्षांनी गावच्या टपरीशी उभी राहिलेली दिसतात, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांचा असेल. या विषयाचा थोडा खोलात जाऊन अभ्यास करावा असे मला वाटू लागले ते मात्र एका मुलाच्या प्रश्नामुळे. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी जेथून स्पष्ट दिसतात अशा एका खेड्यात मी त्या वेळी शिकवीत असे. पाचवीच्या वर्गात तंबाखूवरील पाठ संपविल्यावर एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, तंबाखू वाईट हे आमच्या आबांना ठाऊक आहे. उद्यापासून सोडतो, असे ते रोज म्हणतात. मग सुटत का नाही?"

मी उत्तर दिले, "मनाचा निग्रह नाही म्हणून." मुलगा खाली बसला, परंतु बसण्यापूर्वी त्याची दृष्टी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. त्या खिशात पुडी व चुन्याची डबी होती. आणि ती पुडी त्याच दिवशी सकाळी शाळा भरण्यापूर्वी मी त्याच मुलाला पाठवून टपरीवरून आणविली होती. त्याने पुढे काही विचारले नाही.

निग्रहाचे उत्तर अगदीच खोटे होते असे नाही, पण ते फार अपुरे होते. खरे उत्तर मेंदूत आहे. ते समजून घेण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही; थोडी सबुरी मात्र लागते.

प्रथम मेंदूच्या खर्चाचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन भरते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा भाग हा एवढासा अवयव एकटा वापरतो. विजेच्या भाषेत सांगावयाचे तर मेंदू सुमारे २० वॅटचा दिवा आहे. दीपनगरला ५०० मेगावॅटचे संच आहेत. त्यांतील एक संच पूर्ण शक्तीने चालला तर तो जेवढी वीज निर्माण करील तेवढ्या ऊर्जेवर अडीच कोटी मेंदू चालतील. हा गुणाकार-भागाकार सहावी-सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. त्यांना त्यात मोठा रस वाटतो. केंद्रातील बॉयलरला कोळसा व हवा लागते, मेंदूला ग्लुकोज व प्राणवायू लागतो. मेंदू दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. पण विद्युत केंद्राच्या आवारात कोळशाचे ढीग रचून ठेवता येतात, तसा साठा मेंदूत जवळजवळ नसतो. रक्तातून येईल त्यावर घडोघडी भागवावे लागते. अन्नापासून ऊर्जा मिळविणे, ती खर्च करणे, शरीरातील द्रव्ये घडविणे व मोडणे या सर्व व्यवहाराला चयापचय असे म्हणतात.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मेंदूतील ग्लुकोजचा वापर यंत्राच्या साहाय्याने मोजून अमेरिकेत हॅरी चुगानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे दाखविले की, तीन-चार वर्षांच्या बालकाच्या मेंदूतील हा वापर प्रौढाच्या दुपटीवर जातो, नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत तो तसाच चढा राहतो आणि मग हळूहळू उतरत सोळा ते अठराव्या वर्षी प्रौढाच्या पातळीवर येतो. म्हणजे ज्या वयाची मुले आपल्या हाती येतात, त्या वयात मेंदूची भट्टी आयुष्यातील सर्वांत प्रखर पेटलेली असते. मज्जापेशींच्या जोडण्या या काळात विपुल असतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, उरलेल्या छाटल्या जातात. शेतकऱ्याच्या मुलाला छाटणी समजावून सांगावी लागत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो तर सर्वांच्या शेवटी, विशीनंतर काही वर्षांनी पूर्ण पिकतो. अशा छाटणीच्या दिवसांत बाहेरून आलेले उत्तेजक द्रव्य कोणत्या जोडण्या पक्क्या करीत असेल, हा प्रश्न येथे उभा राहतो.

आता डोपामिन या द्रव्याकडे वळू. मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात; त्यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचावयाचा म्हणजे पहिलीने त्या फटीत एक रासायनिक द्रव्य सोडावयाचे व दुसरीच्या पृष्ठावरील ग्राहींनी, म्हणजे कुलपासारख्या रेणूंनी, ते पकडावयाचे. काम झाले की पहिली पेशी बहुतेक द्रव्य परत आत ओढून घेते. डोपामिन हे अशा निरोप्यांपैकी एक होय.

त्याच्या शोधाची कथा आपल्या महाराष्ट्राला स्पर्श करून गेलेली आहे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रसायनज्ञांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास हे रेसर्पिन सशांना दिले. ससे निपचित पडले, त्यांचे कान लोंबू लागले, हालचाल थांबली. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा हे द्रव्य टोचले; मेंदूत त्याचे डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. डोपामिन म्हणजे दुसरे एखादे द्रव्य तयार होतानाची केवळ मधली पायरी, अशी तोपर्यंत समजूत होती. ते स्वतंत्र निरोप्या आहे हे यातून ध्यानात आले. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूतील डोपामिन बनविणाऱ्या पेशी नष्ट होतात, हेही पुढे कळले व डोपा हे त्यावरील औषध ठरले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुंबईतील एका डॉक्टराच्या निबंधापासून सशाच्या कानांपर्यंतचा हा प्रवास मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो.

डोपामिन म्हणजे आनंदाचा रस, असे हल्ली वर्तमानपत्रांतून लिहिले जाते. ते बरोबर नाही. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग येथे फार बोलके आहेत. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्याच्या डोपामिन-पेशी उसळून येत. मग प्रत्येक वेळी रसापूर्वी एक दिवा लावण्यात येऊ लागला. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, रस मिळाल्यावर मात्र स्वस्थ राहिल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावले. म्हणजे डोपामिन हे सुखाचे माप नसून अपेक्षेचे माप आहे. 'हे ध्यानात ठेव, याच्या मागे लाग' असा तो निरोप आहे. भूक, तहान, खेळ, आईने घेतलेला मुका, गणित सुटल्यावर गुरुजींनी दिलेली शाबासकी यांच्या मागे आपण जातो ते या यंत्रणेमुळे. (रोज सर्वांना सरसकट दिलेल्या शाबासकीची किंमत का उरत नाही, हेही या प्रयोगावरून थोडेसे उमगते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

उत्तेजक द्रव्ये या यंत्रणेत चोरवाटेने शिरतात. चोरवाटा निरनिराळ्या आहेत. कोकेन हे डोपामिन परत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे तोंड बंद करते. त्यामुळे फटीत डोपामिन साचून राहते. ॲम्फेटामिन व त्याची भावंडे त्याहून धीट आहेत. ती पेशीच्या आत शिरून वाहकाला उलटे फिरवितात, आणि जे दार माल आत घेण्यासाठी असते त्यातून माल बाहेर वाहू लागतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान यांच्या सैनिकांना जागे ठेवण्यासाठी या जातीच्या गोळ्या वाटण्यात आल्या होत्या. झोप व भूक काही काळ पळत असे. पण ती कर्जाऊ घेतलेली शक्ती असे, व पुढे शरीर ती व्याजासह वसूल करी. आपल्या राज्यात सांप्रत 'एम.डी.' या नावाने ज्याचा बोभाटा आहे ते मेफेड्रोन याच कुळातील होय. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे पोलिसांनी त्याचा फार मोठा साठा पकडला. आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांशी त्याचा आज संबंध येत नाही, म्हणून वर्गात त्याचे वर्णन करीत बसू नये. पण शिक्षकास माहिती असावी, कारण हीच मुले चार-सहा वर्षांनी शिक्षणासाठी वा कामासाठी शहरांत जातात.

खेड्यात प्रत्यक्ष गाठ पडते ती निकोटिनशी. निकोटिनची चोरवाट तिसऱ्या प्रकारची आहे. असेटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका निरोप्यासाठी असलेल्या कुलपात ते खोट्या किल्लीसारखे बसते. अशी कुलपे डोपामिन-पेशींवरही आहेत. ती उघडली की डोपामिन सुटते. आणि येथेच चुन्याचे रहस्य उलगडते. तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात, हे खाणारास विचारले तर 'त्याशिवाय लागत नाही' एवढेच तो सांगेल. ते अक्षरशः खरे आहे. साध्या लाळेत निकोटिनचे बहुतेक रेणू विद्युतभारित असतात व गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून त्यांना सहज जाता येत नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी झाली की त्यांचा भार जातो आणि ते झरझर रक्तात उतरतात. शिवाय चुना ते अस्तर भाजून काढतो तो वेगळाच. आपल्याकडील घराघरांतून दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाणारी मशेरी म्हणजेही भाजलेली तंबाखूच. तिला कोणी व्यसन समजत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. लहान मुली आजीच्या शेजारी बसून ती लावावयास शिकतात. गुटख्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी असते. सुपारीतील अॅरिकोलिन हेही उत्तेजकच, आणि तिच्यामुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते. एखाद्या मोठ्या मुलास स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येत नसतील, तर त्यास दवाखान्यात पाठविण्यास विलंब लावू नये.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. सुटत का नाही? खोटी किल्ली वारंवार फिरू लागली की कुलपे बधिर होतात आणि मेंदू ती भरून काढण्यासाठी कुलपांची संख्या वाढवितो. पहिल्या दिवशी जेवढ्याने घेरी आली तेवढ्याने आता काहीच होत नाही, मात्रा वाढते. शरीर इकडे आपले काम करीतच असते: यकृत निकोटिनचे रूपांतर करून ते बाहेर टाकण्याच्या मार्गाला लावते आणि साधारण दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. मग रिकामी पडलेली ती वाढीव कुलपे हाका मारू लागतात. चित्त ठरत नाही, चिडचिड होते, डोके जड होते. यालाच आपण तलफ म्हणतो. पुन्हा बार भरला की बरे वाटते, आणि माणूस समजतो की तंबाखूने आपणांस हुशारी आली. वस्तुतः तंबाखूने निर्माण केलेला खड्डाच तंबाखूने तात्पुरता बुजविलेला असतो. त्यात शुल्झ यांच्या माकडाचा दिवाही आहे. चुन्याच्या डबीचा आवाज, जेवणानंतरची वेळ, टपरीवरचा मित्र हे सगळे दिवे होत. ते लागले की रस मागण्यास मेंदू सुरुवात करतो. आबा रोज सकाळी खरोखरच मनापासून 'उद्यापासून सोडतो' असे म्हणत होते. त्यांचा निश्चय खोटा नव्हता. पण दोन-दोन तासांनी येणाऱ्या भरतीपुढे तो एकटा पडत होता.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी सोळा वर्षे तंबाखू खात होतो. शाळा अकराला भरावयाची. त्याआधी बार भरलेला असे. एक वाजल्यानंतरच्या तासाला वर्गात सर्वांत जास्त छड्या माझ्या हातून बसत. मुले त्या वेळी अधिक दंगा करतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दोन तासांचा वरील हिशेब वाचल्यावर मी आठ दिवस वहीत वेळा टिपून ठेवल्या. दंगा मुलांचा नव्हता. माझ्या शरीरातील निकोटिन उतरत होते आणि त्याचा दंड पहिल्या बाकावरची मुले भरीत होती. सोडतानाचे पहिले तीन-चार दिवस फार कठीण गेले, दोन-तीन आठवडे चिडचिड राहिली, नंतर ती ओसरली. वाढलेली कुलपे काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात हे वाचलेले होते, म्हणून धीर धरता आला. ज्या शिक्षकबंधूंना साहाय्य हवे असेल त्यांच्यासाठी तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करणारी शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. दवाखान्यात औषधेही मिळतात, आणि ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

चयापचयावरील परिणामाचा भाग खान्देशातील कष्टकऱ्यांच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. निकोटिनमुळे मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन सुटते, हृदयाचे ठोके वाढतात, साठ्यातील साखर व चरबी रक्तात येते, विश्रांतीतही शरीराचा खर्च किंचित चढतो, आणि भूक मरते. कापसाच्या वेचणीला किंवा केळीच्या बागेत पहाटे निघालेला मजूर तंबाखूच्या चिमटीवर दुपार गाठतो ते याचमुळे. त्याला ते सोयीचे वाटते. परंतु खर्च वाढवून आवक बंद करणाऱ्या घराचे जे होते तेच शरीराचे होते. हाच प्रकार मुलांच्या बाबतीत चहाने घडतो. आपल्याकडील कितीतरी मुले सकाळी बशीभर चहा व एखादा टोस्ट एवढ्यावर शाळेत येतात. मघाशी सांगितलेली ती प्रखर भट्टी आणि समोर हा कोळसा!

चहाची तंबाखूशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल, आणि गुरुजींनी तसे म्हटले तर गावात कोणी ऐकणारही नाही. तरी चहातील कॅफिन काय करते ते जाणून घेण्याजोगे आहे. मेंदू दिवसभर ऊर्जा जाळतो तेव्हा अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. विद्युत केंद्राची राख साचते तसेच ते. जितके अॅडिनोसिन अधिक, तितकी झोप व थकवा अधिक, कारण ते आपल्या ग्राहींवर बसून मेंदूला काम मंद करावयास सांगते. कॅफिन त्या ग्राहींवर जाऊन बसते आणि अॅडिनोसिनचा निरोप पोचू देत नाही. राख तशीच राहते. फक्त राखेची सूचना देणारी घंटा कापसात गुंडाळली जाते. अॅडिनोसिनचा लगाम सुटल्यामुळे डोपामिनचा निरोपही थोडा जोरकस होतो. दीपनगरच्या रात्रपाळीवरील कामगार किंवा भुसावळच्या यार्डातील रेल्वेकामगार पहाटे चहा घेतो त्यामागे हेच रसायन आहे. प्रौढाने बेताने घेतला तर त्यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु निम्मे कॅफिन शरीराबाहेर जावयास पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी चहा घेतलेले मूल रात्री उशिरा झोपते, सकाळी पेंगते आणि पुन्हा चहा घेते.

चहाचा दुसरा दोष कमी प्रसिद्ध आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातील टॅनिनसारखी द्रव्ये डाळी व पालेभाज्यांतील लोहाला बांधून ठेवतात, ते अंगी लागत नाही. लोह कमी म्हणजे रक्त कमी, एवढे आपण शिकवितो. परंतु मेंदूत डोपामिन बनते ते टायरोसिन या, डाळी-दुधातून मिळणाऱ्या घटकापासून, आणि त्यातील पहिल्या पायरीचे काम करणाऱ्या वितंचकाला लोहावाचून काम करता येत नाही. पांढुरक्या चेहऱ्याचे, कशातच लक्ष नसलेले मूल आळशी ठरविण्यापूर्वी हे स्मरावे. लोहाच्या गोळ्यांचे वाटप शाळेत होते त्या दिवशी हजेरीकडे लक्ष ठेवावे, आणि चहा व जेवण यांत तासाभराचे अंतर असावे असे पालकसभेत सांगावे. हा उपदेश लोक ऐकतात, कारण त्यात चहा सोडण्यास सांगितलेले नसते.

उत्तेजकांनी मेंदूची शक्ती वाढते, हा समज मात्र पुराव्याला टिकत नाही. कोकेन दिल्यानंतर मेंदूतील ग्लुकोजचा वापर मोजला तेव्हा तो वाढण्याऐवजी घटलेला आढळला; अमेरिकेतील हा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला वाटते आपण तेजाने तळपत आहो, आणि भट्टी मात्र मंदावलेली असते. नोरा वोल्को यांनी मेथॲम्फेटामिनच्या व्यसनींच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा डोपामिनची वाहक प्रथिने कमी झालेली दिसली. त्यांपैकी जे थोडे लोक वर्षभराहून अधिक काळ व्यसनापासून दूर राहिले त्यांची वाहक प्रथिने पुष्कळ अंशी परत आली, हे २००१ चे निरीक्षण आशादायक आहे; पण हालचाल व स्मरण यांच्या चाचण्यांतील सुधारणा त्या मानाने झाली नव्हती, हेही त्याच निबंधात नमूद आहे. हे सर्व तंबाखूला जसेच्या तसे लावू नये. तंबाखू मेंदूपेक्षा तोंड, हृदय व रक्तवाहिन्या यांचा अधिक नाश करते.

एका अपवादाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. अतिचंचलता व अवधानदोष असलेल्या काही मुलांना डॉक्टर मेथिलफेनिडेट हे उत्तेजकच औषध म्हणून देतात. अल्प मात्रेत व पोटातून सावकाश गेलेल्या द्रव्याचा परिणाम आणि एकदम मेंदूत उसळलेल्या द्रव्याचा परिणाम यांत महदंतर असते. व्यसन लावणारा भाग मुख्यतः वेगाचा आहे. असे औषध घेणारे मूल आपल्या वर्गात असेल तर त्याला नशेखोर म्हणून कोणी चिडवू नये, आणि त्याच्या गोळ्या दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, एवढी दक्षता शिक्षकाने घ्यावी.

कायद्याची माहिती थोडक्यात देतो. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे व शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे मना आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार मुलास तंबाखूचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी घालण्यात आली. राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये शेकडा ३१.४ होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ पर्यंत उतरले. म्हणजे ते उतरू शकते. मुलाच्या हाती पैसे देऊन टपरीवर पाठविणारा शिक्षक कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा असतो, हे वरील कलमांवरून ज्याचे त्याने ताडून पाहावे. मी माझ्यापुरते पाहिले आहे.

पाठ घेताना तंबाखूची पुडी वर्गात आणू नये. त्याऐवजी हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवावा व त्याच्या पट्ट्या मुलांना वाटाव्यात. पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की ती लाल होते, लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. अल्क व आम्ल ही कल्पना मुलांना एवढ्याने कळते आणि चुन्यासंबंधीची मघाची हकीकत मग सांगता येते. कुजलेल्या जबड्यांची भयंकर चित्रे लहान वर्गांत दाखवू नयेत. ज्याच्या घरी आजी मशेरी लावते ते मूल त्या रात्री झोपत नाही. 'कोणाच्या घरी तंबाखू खातात, हात वर करा' असेही विचारू नये. मुलाला आपल्या बापाविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे हे शिक्षण नव्हे.

या पाठानंतर आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर जवळ असावे. मोठ्या वर्गातील एखादा वाचणारा मुलगा विचारतो की केळ्यात डोपामिन असते म्हणतात, मग रावेर-यावलची माणसे सदा हुशार कशी नाहीत? केळ्यात, विशेषतः सालीत, डोपामिन असते हे खरेच आहे. परंतु रक्त व मेंदू यांच्यामध्ये जो पहारा आहे तो खाल्लेल्या डोपामिनला आत सोडीत नाही. डोपा या पूर्वद्रव्याला मात्र तो सोडतो, आणि ते आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांत सापडते. मद्रासकडील दोन संशोधकांनी १९३७ मध्ये ते तिच्यातून वेगळे काढले होते. (त्या बिया खाऊन पाहण्याचा उपद्व्याप मुलांनी करू नये, हे लगेच बजावावे.) मग केळ्यातील डोपामिन दिसावयाचे कोठे? एक पिकलेले केळे कापून त्याचे काप खिडकीत ठेवावेत. हवेतील प्राणवायू व केळ्यातील वितंचक यांच्या योगाने तेच डोपामिन काळवंडते. निम्म्या कापांना लिंबाचा रस चोळावा व तास संपताना दोन्ही ताटल्या मुलांना पाहावयास द्याव्यात.